दारातले मामा

'कॅश' या शब्दाचा अर्थ बँकेतल्या कारकुनाला शिकवू नये. पण माझा पुतण्या पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे आणि त्या लोकांना कशाचेच भय नसते. "काका, आमची कॅश म्हणजे रोकड नव्हे. एकदा काढलेले उत्तर जपून ठेवायचे. तोच प्रश्न पुन्हा आला की हिशेब न करता तेच द्यायचे."

हिशेब न करता उत्तर! आमच्याकडे याला खातेनिहाय चौकशी लागते.

मग स्वारी 'आस्पेक्ट'वर घसरली. अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी १९९७ साली ही कल्पना मांडली. (जिच्या नावाने आपण आधारकार्डाच्या प्रती काढतो, तीच ही कंपनी.) नोंद ठेवणे, परवानगी तपासणे, उत्तर जपणे ही कटकट प्रत्येक कामात घुसडायची नाही, एकदाच बाजूला लिहायची आणि यंत्राने ती हवी तिथे जोडायची. जावावाल्यांच्या 'स्प्रिंग'मध्ये २०११ पासून कामाच्या डोक्यावर 'कॅशेबल' एवढा एक शब्द लिहिला की झाले. खुद्द कामाला त्याचा पत्ताही नसतो.

मला एकदम आमच्या शाखेतले शिपाईमामाच दिसले. मामा दारात स्टुलावर बसतात. कोणी काही विचारले की पहिल्यांदा आत जाऊन साहेबांना विचारतात. दुसऱ्यांदा उठत नाहीत. साहेबांना वाटते, हल्ली लोकांना शंकाच पडत नाहीत. मात्र साहेबांनी केबिनमध्ये स्वतःलाच काही विचारले, तर मामांचा उपयोग नाही. स्प्रिंगमध्येही नेमके हेच होते म्हणे. आतल्या आत मारलेली हाक दारावरून जात नाही.

आता उत्तर शिळे झाले तर? एकदा ऐन रब्बीच्या पेरणीत पीकविम्याचे पैसे यायचे होते. कळंबकडची एक म्हातारी सकाळीच आली. मामांनी आत विचारले, पैसे नव्हते. बारा वाजता जमा झाले. एक वाजता तिने पुन्हा विचारले, तर मामांनी सकाळचेच उत्तर वाढले, "न्हाई आलं, आजी." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पंचाहत्तरीपुढे एस.टी. २०२२ पासून फुकट आहे, पण गुडघे फुकट नसतात. चौथ्या दिवशी मामा चहाला गेले होते म्हणून ती थेट माझ्यापुढे उभी राहिली.

"कवा आलते पैसे, लेकरा?"

मी तारीख वाचून दाखवली. ती रागावली नाही. ज्वारीच्या पेरणीचे दिवस बोटांवर मोजत राहिली. जमिनीतली ओल काही मामांना विचारून वाळत नाही.

पुतण्याला सांगितले. म्हणाला, "उत्तराला मुदत घाला, आणि खात्यात जमा पडली की जुने उत्तर त्याच क्षणी पुसा. फिल कार्लटन म्हणून एकजण सांगून गेलाय, संगणकात दोनच कामे अवघड : जुने उत्तर वेळेवर पुसणे आणि नावे ठेवणे."

नावे ठेवणे आपल्याला कधीच अवघड गेलेले नाही. पुसण्याचे मात्र खरे. सातव्या निजामाच्या नावाचे उस्मानाबाद २०२३ साली सरकारदरबारी धाराशिव झाले, तरी कितीतरी अर्जांवर अजून उस्मानाबादच येते.

आता पैशांबद्दल मामा काही सांगत नाहीत, ज्याला त्याला सरळ आत पाठवतात. माझी रांग दारापर्यंत गेली आहे. डीडीचा फॉर्म कुठे मिळतो हे मात्र ते अजून डोळे मिटून सांगतात. ते काउंटर मार्चमध्येच वरच्या मजल्यावर गेले.