वाल नदीच्या बांधावरून, तीन चाकांवर

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही नेदरलँड्सला निघालो तेव्हा आमच्या हातातल्या पिशवीत औषधांचे दोन डबे होते. एक बावीस महिन्यांच्या नातवाचा, दुसरा माझ्या बासष्ट वर्षांच्या यजमानांचा. विमानतळावर दोन्ही डबे तपासणीच्या टेबलावर शेजारी ठेवताना लक्षात आले, की या दोन प्रवाशांच्या गरजा जवळजवळ सारख्या आहेत. दोघांची झोपेची वेळ चुकवून चालत नाही, दोघांना स्वच्छतागृह जवळ लागते आणि गर्दीत दोघांचाही हात सोडता येत नाही. फरक एवढाच, की त्यांतल्या एकाला हात धरलेला आवडतो.

यजमानांना पाच वर्षांपूर्वी पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचे, निदान झाले. पाटबंधारे खात्यातील अभियंता म्हणून त्यांनी आयुष्यभर धरणांच्या आणि कालव्यांच्या काठाने पायपीट केली होती. आता दारातून बाहेर पडताना त्यांचे पाय उंबऱ्याशी खिळतात. मन पुढे जाते आणि पाऊल उचलत नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुलगी बाळाला घेऊन सांगलीला आली होती, परतताना "तुम्ही दोघं माझ्याबरोबरच चला," असा तिने हट्ट धरला, तेव्हा पहिला नकार माझाच होता. तीस वर्षे इतरांना धीर देणारी डॉक्टर स्वतःच्या घरात किती भित्री असू शकते, हे आपण माझ्याकडून ऐकलेले बरे.

प्रवासाच्या तयारीतील दोन-तीन गोष्टी सांगते, कारण त्या नेहमी चुकतात. मुंबई ते ॲमस्टरडॅम हा नऊ-दहा तासांचा प्रवास, आणि उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. लेव्होडोपासारखी तासांच्या अंतराने घ्यावयाची गोळी असेल, तर प्रवासात आपले घड्याळ बदलू नये, दोन मात्रांमधील अंतर तेवढेच ठेवावे आणि पोहोचल्यावर तिथल्या वेळांशी हळूहळू जुळवून घ्यावे. हे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, औषधांची मूळ रासायनिक नावे असलेली चिठ्ठी सोबत ठेवावी आणि औषधे कधीही मोठ्या बॅगेत टाकू नयेत. पार्किन्सनच्या रुग्णाला प्रवासात मळमळ झाली, तर शेजारच्याने दिलेली गोळी घेऊ नये. मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करेसाठी आपल्याकडे सर्रास दिले जाणारे सिनारिझिन या दोन्हींनी कंपवात वाढू शकतो.

बाळासाठी मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा, की विमानात झोप लागावी म्हणून सर्दीचे सिरप द्यावे का? देऊ नये. झोप आणणारी ही सिरपे काही मुलांना उलट बेचैन करतात आणि लहान बाळाच्या श्वासावरही परिणाम करू शकतात. विमान उतरू लागले की घोट-घोट पाणी किंवा अंगावरचे दूध द्यावे, गिळल्याने कानाचा दडा सुटतो. आमचे चिरंजीव तरीही रडलेच. ते सर्वांना ऐकू गेले, काही बिघडले नाही.

मुलगी नायमेखनला राहते. शहर वाल नदीच्या काठी, जर्मनीच्या सीमेलगत आहे. ऱ्हाईन नदी नेदरलँड्समध्ये शिरल्यावर दुभंगते, तिचा मोठा फाटा म्हणजे वाल. शहर संपते तेथेच पूर्वेला ओइपोल्डर नावाचा सखल प्रदेश सुरू होतो. गवताची सपाट कुरणे, विलोची झाडे, आणि नदी व शेत यांच्यामध्ये मातीचा उंच, वळणावळणाचा बांध. बांधाच्या माथ्यावरून सायकलीचा रस्ता जातो. डाव्या हाताला मालवाहू जहाजे, उजव्या हाताला चरणाऱ्या गाई, आणि बराच वेळ जहाजे गाईंपेक्षा उंचावरून चाललेली दिसतात.

यजमान पहिल्या दिवशी त्या बांधापाशी उभे राहिले ते अभियंता होऊनच. १९९५ च्या हिवाळ्यात या नद्यांना असा पूर आला, की बांध फुटण्याच्या भीतीने सुमारे अडीच लाख माणसांना घरे सोडावी लागली. ओइपोल्डरही रिकामा झाला होता. बांध टिकले. परंतु त्यानंतर या लोकांनी ठरवले, की बांध उंच करत बसण्यापेक्षा नदीला जागा द्यावी. नायमेखनसमोरच्या काठावरचा बांध मागे सरकवून तेथे नदीसाठी नवा प्रवाह खोदला आहे. सांगलीचा २००५ आणि २०१९ चा महापूर पाहिलेला माणूस हे सारे किती वेळ पाहत राहिला असेल, याची आपण कल्पना करू शकता. आयर्विन पुलावरचे पाण्याचे आकडे त्यांना आजही पाठ आहेत.

चौथ्या दिवशी न्याहारीला ते म्हणाले, "मला सायकल हवी."

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. याच नायमेखनमधील रॅडबाउड विद्यापीठाच्या रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ बास्टियान ब्लूम यांनी २०१० साली एका सहकाऱ्यासह 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती. अठ्ठावन्न वर्षांचा, दहा वर्षे पार्किन्सन असलेला हा गृहस्थ चार पावलेही नीट चालू शकत नव्हता. सायकलीवर बसवल्यावर मात्र तो सहज चालवत गेला, वळला आणि परत आला. उतरल्यावर त्याचे पाय पुन्हा खिळले. त्याची चित्रफीत जगभरच्या डॉक्टरांनी पाहिली. मीही पाहिली होती, यजमानांचे निदान झाले त्याच महिन्यात. त्यांना मी ती कधीच दाखवली नाही. पुण्यात शिकताना रोज वीस किलोमीटर सायकल मारणारा माणूस ती पाहून दुसऱ्या दिवशी गॅरेजमधली सायकल बाहेर काढेल आणि पडेल, ही भीती होती. भीती खोटी नव्हती. सायकल चालवता येणे वेगळे आणि सायकलीवर चढता-उतरता येणे वेगळे. म्हातारपणी पडणारे पुष्कळजण चढतानाच किंवा उतरतानाच पडतात. शिवाय चौकात थांबल्यावर पाय टेकायलाच हवा, आणि नेमके ते पाऊल वेळेवर पडेल याची खात्री नसते. तरीही न सांगण्याचा निर्णय त्यांच्या वतीने मी घेतला होता, हे खरे. त्या न्याहारीला मी ती गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाच वर्षं?"

आमच्या मिरजेच्या मज्जाविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलणे झाले. दोन चाकांना त्यांनी स्पष्ट नकार दिला, तीन चाकांना होकार दिला. मुलीने भाड्याने जी आणली तिला तिथे जोडसायकल म्हणतात. दोन आसने शेजारी-शेजारी, तीन चाके, दोघांना पेडल, सुकाणू मात्र एकाच्याच हाती आणि मदतीला बॅटरी. ज्येष्ठांसाठी आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सायकल तेथे चांगली रुळली आहे. सुकाणू माझ्याकडे होते. ते म्हणाले, "संसारातही तेच आहे."

नातू आईच्या पुढ्यातल्या लाकडी खोक्यात. या खोक्याच्या सायकलीला डच लोक बाकफिट्स म्हणतात. त्यात पट्टा असलेले बाक असते, मूल समोर दिसते आणि झोपले तरी कलंडत नाही. मागच्या आसनावर बसवायचे असेल, तर मूल आधाराशिवाय नीट बसणारे आणि मान सावरणारे हवे, पाय ठेवण्याच्या जागी पट्टे हवेत आणि चाकावर झाकण हवे. आऱ्यांत पाय अडकून झालेल्या जखमा मी सांगलीत मोटारसायकलीवरच्या मुलांच्या पुष्कळ शिवल्या आहेत. ओढणी किंवा पदर चाकात जाण्याचा धोकाही तोच. मी त्या दिवशी पंजाबी ड्रेसची ओढणी घरीच ठेवली. आणखी एक गोष्ट, पेडल मारून मोठ्यांना घाम येतो, मूल मात्र स्वस्थ बसलेले असते आणि वाऱ्याने गारठते. त्याला आपल्यापेक्षा एक कपडा जास्त लागतो. हेल्मेट घातलेला सायकलस्वार तिथे बहुधा परदेशी समजावा. आम्ही चौघांनीही घातले, लोक हसले असतील तर हसोत.

रस्त्याचे नियम निघण्याआधी घरी बसून शिकावेत. वाहतूक उजव्या बाजूने असते, त्यामुळे रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने चुकीच्या दिशेला वळते. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसतात, त्यांना ते शार्कचे दात म्हणतात. दातांची टोके आपल्याकडे असतील तर थांबून दुसऱ्याला जाऊ द्यायचे. तिथल्या पुष्कळ सायकलींना पेडल उलटे फिरवले की ब्रेक लागतो. आपल्याला चालता-चालता पेडल मागे फिरवण्याची सवय असते, तेव्हा पहिला अर्धा तास मोकळ्या जागेत काढावा. वाट चुकण्याची मात्र चिंता नाही. चौकाचौकांत क्रमांकाचे फलक असतात, जायचे तेवढे क्रमांक कागदावर लिहून घ्यायचे आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत बाण पाहत जायचे. ही युक्ती मुळात शेजारच्या बेल्जियममध्ये एका खाण अभियंत्याला सुचली. यजमानांनी आमचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिले. आजारात त्यांचे अक्षर बारीक होत जाते, पण त्या कागदावरचे आकडे ठसठशीत आहेत.

औषधाच्या मात्रेनंतर तासाभराने आम्ही निघालो, कारण दिवसातला तो त्यांचा सर्वांत चांगला वेळ. वारा समोरून होता. पहिली पाच मिनिटे मी त्यांच्या गुडघ्यांकडेच पाहत होते. पेडल त्यांच्याकडून फिरत होते, एका लयीत, कंप न होता. बाजूच्या पेडलचा जोर माझ्या पायांना जाणवत होता. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या पायांत माझ्यापेक्षा जास्त ताकद होती. पर्सिंगन लागले. मूठभर घरे आणि मध्ययुगातले एक छोटे चर्च, एवढेच गाव. ते देशातले सर्वांत लहान गाव म्हणवून घेते. पुढे नदीकाठच्या रानात कोनिक जातीची राखाडी घोडी मोकळी चरताना दिसली. त्यांच्यापासून लांब राहावे, खाऊ घालू नये. नातू मात्र त्यांना "भूभू" म्हणत होता आणि त्याच्या मते ते बरोबरच होते.

पाव-चीज खाण्यासाठी आम्ही वाळूच्या एका काठावर थांबलो. प्रथिने पोटात असताना लेव्होडोपा नीट शोषली जात नाही, म्हणून गोळी आधी द्यायची होती. मी पिशवीत डबा शोधत होते. मुलगी सायकल उभी करत होती. नातू आजोबांच्या दोन पावलांवर वाळूत खेळत होता. तेवढ्यात एक मोठे जहाज गेले, आणि जहाज गेल्यावर वाल नदीत होते तसे काठचे पाणी आधी मागे ओढले गेले. उघडी पडलेली ओली वाळू पाहून मूल तिकडे धावत सुटले.

यजमानांनी पाहिले. त्यांचे पाय खिळले. त्यांनी हाक मारली, पण पार्किन्सनमध्ये आवाजही बसतो, आणि वाऱ्यात ती हाक माझ्यापर्यंत आली नाही. मी मान वर केली ती त्यांचा हात हवेत हललेला दिसला म्हणून. मुलीने धावत जाऊन नातवाला उचलले तेव्हा परतलेले पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत आले होते. मुलगा हसत होता. फार तर सहा-सात सेकंदांची ही गोष्ट.

मुलीने त्यांना काही म्हटले नाही, मीही नाही. चूक झाली असेल तर आमची होती. ज्यांना पळता येत नाही त्यांच्या पहाऱ्यावर आम्ही मूल सोडले होते. दवाखान्यात मी रोज सांगते, की आजी-आजोबांवर नातवंडे सोपवताना त्यांचे वय नव्हे, त्यांची धावण्याची आणि उचलण्याची क्षमता पाहावी. पण "बाबा आहेत ना तिथे" हे वाक्य घरात किती सहज निघते!

परतीच्या वाटेवर वारा पाठीशी होता. अर्धी वाट ते गप्प होते, पेडल मात्र थांबले नव्हते. मग समोर पाहतच म्हणाले, "उघड्यावर मला त्याच्याजवळ एकट्याला ठेवू नका. घरात चालेल. मांडीवर चालेल." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हे तू मला सांगायला हवं होतंस. का नाही सांगितलंस?" ती चित्रफीत मी त्यांच्यापासून लपवली होती, आणि आता हेही सांगायचे टाळत होते. त्यांना जे जमते ते आणि जे जमत नाही ते, दोन्ही मी त्यांच्यापासून दूर ठेवत आले होते. मी म्हटले, "आजपासून सांगेन." ते म्हणाले, "बघू."

आम्ही तीन आठवडे राहिलो आणि ती सायकल आणखी सहा वेळा भाड्याने घेतली. त्यांना दारातून बाहेर काढायला अजूनही तेवढाच वेळ लागे. मुलीने उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या तीन रेघा मारल्या. रेघ दिसली की ती ओलांडण्यासाठी पाऊल उचलते, हा जुना आणि चांगला उपाय आहे, तो आपणही घरी करून पाहावा. सांगलीच्या घरात आता स्थिर सायकल आहे, खिडकीपाशी. क्रमांकांचा तो कागद औषधांच्या डब्यात झाकणाखाली ठेवलेला आहे.

आणि हाक ऐकू जात नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी यजमानांनी नायमेखनच्या बाजारातून स्वतः एक शिट्टी विकत घेतली, गळ्यात अडकवायची, पिवळ्या दोरीची. ती संध्याकाळपर्यंत नातवाच्या गळ्यात गेली. दुसरी आणावी लागली.