उजवा मागचा कोपरा

पुण्याहून वेंगुर्ल्याला जायचं तर आम्ही नेहमी कोल्हापूर, आजरा, आंबोली असेच जातो. आईचं माहेर तिकडचं, आणि डिसेंबरातली किनाऱ्याची हवा तिला मानवते. यंदा निघालो तेव्हा गाडी नुकतीच गॅरेजमधून आली होती. गाडी जुनी आहे, पण चारही चाकांवर लोखंडी स्प्रिंगांऐवजी रबराचे हवेचे बलून असलेली. उजव्या मागच्या चाकाचा बलून फाटला होता, तो काढून नवा बसवला होता. गाडी चारी बाजूंनी सारखी उभी होती. बिल चुकतं केलं, सामान भरलं आणि निघालो.

खंबाटकीचा घाट चढताना मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, खालून कसली घरघर येत्येय?" तो कंप्रेसर होता. हवा भरून झाली की त्याने गप्प बसायचं असतं. गाडीत माणसं बसली, सामान चढलं, की थोडा वेळ चालतो आणि थांबतो. इथे तो थांबायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. साताऱ्याला चहाला उतरलो तेव्हा गाडी सरळच दिसत होती आणि डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नव्हता. तरी मला स्वस्थ वाटेना. कुठूनतरी हवा जात होती आणि कंप्रेसर ती भरून काढत होता. असाच चालत राहिला की तो तापतो, आणि फार तापला की स्वतःहून बंद पडतो. त्याच्या सोबत हवेतली ओल शोषून घेणारा ड्रायर असतो. जास्त हवा ओढली की तोही ओलीने भरून जातो आणि पाणी व्हॉल्वपर्यंत पोचतं. बारीकशी गळती अशी पुढे जाऊन कंप्रेसर खाते. खर्च खरा तिथे असतो.

कऱ्हाड मागे टाकलं, शिरोली ओलांडली आणि पंचगंगेच्या पुलावरून तावडे हॉटेलपाशी कोल्हापुरात वळलो तेव्हा दिवेलागण झाली होती. लॉजच्या फरसबंद अंगणात गाडी सपाट जागा बघून लावली. आई आणि बायको खोलीत गेल्या. मी टेप काढला आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून डायरीत लिहिली. मागची दोन्ही चाकं 480 मिलिमीटरवर होती. मग सस्पेन्शनचा फ्यूज काढून खिशात टाकला.

फ्यूज काढण्याला कारण आहे. अशा गाड्यांपैकी काहींचा संगणक रात्री मधूनच जागा होतो, चारही कोपऱ्यांची उंची तपासतो आणि एक कोपरा बसलेला दिसला की बाकीच्या तिघांची हवा सोडून त्यांनाही त्याच्या पातळीवर आणतो. सकाळी मालकाला चारही बाजूंनी बसलेली गाडी दिसते. त्याला वाटतं, सगळंच गेलं. मग कंप्रेसर बदलला जातो, चारही बलूनना हवा वाटणारा व्हॉल्व ब्लॉक बदलला जातो, आणि मूळची गळती होती तिथेच राहते. संगणक झोपलेला असला की प्रत्येक कोपरा आपापलं खरं सांगतो. एकच कोपरा खाली आला तर दोष त्या बलूनमध्ये, त्याच्या पाइपात किंवा व्हॉल्व ब्लॉकमधल्या त्याच्या व्हॉल्वमध्ये.

सकाळी अंगणात बोचरी थंडी होती. तीन कोपरे जवळपास जागच्या जागी होते. उजवा मागचा 420 वर आला होता. नवाकोरा बलून घातलेला कोपरा रात्रीत 60 मिलिमीटर बसला होता.

आता विचार दोनच. पुण्याला परत फिरायचं, की इथेच बघायचं. कोल्हापुरात असल्यावर दुसरा विचार करायला धीर येतो. शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि फाउंड्र्यांच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिनं घडली, सुटे भाग घडले. तिथला माणूस भाग बदलण्याआधी तो उघडून बघतो. लॉजवाल्याने ट्रक आणि बसच्या एअर ब्रेकचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. आमच्यासारखी गाडी त्यांच्याकडे क्वचितच येत असावी. पण एसटीच्या शिवनेरीसारख्या मोठ्या बसही हवेच्या बलूनवरच चालतात. पुष्कळ बसमध्ये संगणकाऐवजी एक दांडा लेव्हलिंग व्हॉल्वला सांगतो की बस खाली आली, हवा भर. तत्त्व तेच.

मिस्त्रींनी डायरीतली मापं बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडी उभी केल्या केल्या वाकडी हुती, का उभी राहून राहून वाकडी झाली?"

सगळं निदान या एका प्रश्नात आहे. उंची मोजणारा सेन्सर चुकत असेल, त्याचा छोटा दांडा दुरुस्तीच्या वेळी वाकला असेल किंवा काम झाल्यावर उंचीची नोंद नव्याने करून घेतली नसेल, तर गाडी पहिल्यापासून वाकडी उभी राहते आणि तशीच राहते. गळती असली तर गाडी सरळ उभी राहते आणि हळूहळू बसते. आमची बसत होती.

गाडी उचलून, आधार लावून त्यांनी चाक काढलं. बादलीत साबणाचं पाणी कालवलं आणि ब्रशने बलूनच्या रबराला, वरच्या टोपीला, खालच्या घडीला फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. बलून चांगला होता. मग ब्रश पाइपाच्या जोडाकडे गेला. तिथेही काही नाही. मिस्त्रींनी एका बोटाने पाइप किंचित बाजूला ढकलला, आणि जोडाच्या कडेला साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक फुगू लागले. बोट काढलं की थांबायचे.

"बलून नवाच हाय साहेब, चांगला हाय. ह्यो पाइप बघा की."

जोड सोडून त्यांनी पाइप माझ्यासमोर धरला. सहा मिलिमीटरचा काळा नायलॉनचा पाइप. त्याच्या टोकाला, पाइप बलूनला जोडणाऱ्या जुन्या युनियनची पितळी कडी तशीच चावून बसलेली होती आणि तिच्या पुढचं टोक तिरकं कापलेलं होतं. नव्या बलूनसोबत नवी युनियन येते. पाइपाचं जुनं, चावलेलं टोक कापून टाकायचं, नवं टोक काटकोनात कापायचं आणि ते नव्या युनियनमध्ये बसवायचं, ही पद्धत. इथे जुन्याच कडीसकट पाइप नव्या बलूनमध्ये पिळून बसवला होता. भरीला तो कुठेतरी अडकून ताणलाही गेला होता. गाडी रिकामी असताना जोड टिकायचा. वजन चढलं, गाडी थोडी दबली, की पाइप बाजूला ओढला जायचा आणि हवा निघायची. गॅरेजमध्ये रिकामी गाडी सरळ का दिसली आणि खंबाटकीत भरलेली गाडी का घरघरली, ते इथे उलगडलं.

मिस्त्रींनी पाइप कापायला ब्लेड घेतलं नाही. एअर ब्रेकच्या कामाचं छोटं कटर होतं, त्याने स्वच्छ काप घेतला, टोक नखाने चाचपलं, नवी युनियन घातली आणि पाइपला वळायला मोकळी जागा दिली. मला उतावीळ होऊन गाडी खाली घ्यायची होती. त्यांनी हात आडवा केला. "आदी हवा, मग वजन." रिकाम्या बलूनवर गाडी टेकवली तर रबराची घडी चुकीच्या जागी मोडते आणि नवा बलून त्याच दिवशी खराब होतो. आधी थोडी हवा भरली, घडी नीट बसलेली बघितली, मगच जॅक उतरवला.

गाडी उभी राहिली. निघता आलं असतं. पण आम्ही कोल्हापुरातला मुक्काम वाढवला. आईला अंबाबाईचं दर्शन घ्यायचंच होतं, आणि मला एक रात्र हवी होती. संध्याकाळी पुन्हा मापं, पुन्हा फ्यूज खिशात. सकाळी चारही कोपरे तीनचार मिलिमीटरने खाली होते, सगळे सारखे. ही गळती नव्हे, ही थंडी. तीस अंशांची हवा पंधरा अंशांवर आली की वजन तेवढंच असल्यामुळे तिचं आकारमान साधारण पाच टक्क्यांनी घटतं. चौघं सारखे उतरले, यातच समाधान होतं.

कागल, निपाणी, उत्तूर करत आजऱ्याला पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं होती. इथल्या सुवासिक घनसाळ तांदळाची एक पिशवी आईने घेतलीच. आंबोलीला, सुमारे 690 मीटर उंचीवर, थांबलो तेव्हा हिरण्यकेशीच्या उगमापाशी गारवा होता. इथल्या देवळाच्या कुंडात 2020 मध्ये माशाची एक नवी जात नोंदवली गेली आणि पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. घाट उतरताना वळणावळणाला वजन या चाकावरून त्या चाकावर जात होतं. मी कान देऊन बसलो होतो. कंप्रेसर गप्प होता. सावंतवाडीच्या मोती तलावापाशी जेवलो आणि उन्हं कलायच्या आत वेंगुर्ल्याच्या बंदरावर पोचलो.

हवेच्या बलूनला वैतागून लोखंडी स्प्रिंगा घालून घ्या, असा सल्ला मला पुष्कळांनी दिला आहे. तो जुनाच आहे. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅमला चारही चाकांवर हवेची स्प्रिंग होती, आणि गळतीला कंटाळून तिच्या कितीतरी मालकांनी लोखंडी स्प्रिंगा घातल्या. मला तो मार्ग पटत नाही. भरलेली गाडी घाटात जशी समतोल राहते, आईच्या गुडघ्यांना खड्डा जसा जाणवत नाही, ते या हवेमुळेच. दोष हवेचा नसतो, घाईचा असतो. गाडी उभी राहिली म्हणजे दुरुस्ती झाली असं गॅरेज मानतं; खरी दुरुस्ती रात्र काढल्यावरच कळते. म्हणून अशी गाडी दुरुस्तीला टाकणाऱ्याने बिल देण्याआधी दोन गोष्टी मागाव्यात: कापलेलं जुनं पाइपाचं टोक, आणि संध्याकाळची व सकाळची चारही चाकांची मापं, लिहून.