सवती, त्याही दोन

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस चपला काढता काढताच थबकतो. समोर दोन राखाडी पेट्या उभ्या असतात. प्रत्येक साडेतीन फूट उंच, अडीच फूट रुंद, दोन फूट खोल आणि डोक्यावर रुंद जबड्याचा ओतीव भोंगा. शेजारच्या छोट्याने एकदा विचारलं, "काका, ही पिठाची गिरणी आहे का?"

सौ. आतून म्हणाली, "हो रे बाळा. दळण मात्र आमच्या डोक्याचं निघतं."

हे सिनेमा थिएटरचे हॉर्न स्पीकर. अल्टेक लान्सिंग या अमेरिकन कंपनीने १९४५ साली 'व्हॉइस ऑफ द थिएटर' या नावाने ही जात बाजारात आणली. माझे त्याच घराण्यातले, ए-७. पडद्यामागे उभं राहून अख्ख्या थिएटरला ऐकवायचं, हे त्यांचं काम. ते पुण्यात आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये कसे आले, ती माझ्या हावरेपणाची गोष्ट आहे.

२००५ साली माझ्या गावाकडचं जुनं थिएटर बंद पडलं. तिथल्या लाकडी बाकांवर माझं बालपण गेलेलं. खुर्च्या, पंखे, प्रोजेक्टर सगळं भंगारवाल्याने उचललं होतं. या पेट्या तो फोडणार होता. आतल्या चुंबकाला आणि तांब्याच्या तारेला भाव होता, लाकडाला नव्हता. मी त्याला थांबवलं. जोडीचे १४,००० सांगितले, मी हो म्हणालो.

पैसे माझ्याकडे नव्हते. सौ.कडे होते. ती घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. भिशीचे पैसे तिने पिकोच्या मशीनसाठी ठेवले होते. "दोन महिन्यांत परत करतो," मी म्हणालो. तिने कपाटातून पाकीट काढून हातावर ठेवलं. मोजलेसुद्धा नाहीत.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. एका पेटीला चार हमाल. जिन्याच्या वळणावर भिंतीचा टवका उडाला, तो अजून तसाच आहे. पेट्यांना कोपरे हवेत म्हणून खिडकीजवळचं शिलाई मशीन हललं आणि स्वयंपाकघरालगतच्या पॅसेजमध्ये, फ्रीजशेजारी गेलं. खिडकीचा उजेड गेला, ट्यूबलाइट आली. "सवतीच आणल्यात म्हणायच्या," सौ. मैत्रिणीला सांगत होती. "एक असती तर घेतली असती सांभाळून. या दोन आहेत!"

पहिल्या दिवशी मी त्यांना माझा १०० वॅटचा अँप्लिफायर जोडला आणि बटण नेहमीच्या जागी फिरवलं. अख्खी इमारत जिन्यात उभी राहिली. दोन दिवसांनी सोसायटीचं पत्र आलं.

चूक माझीच होती. साधा स्पीकर हवेला नुसता ढकलतो, आणि हवा हाताला न लागणारी वस्तू, त्यामुळे वीज बहुतेक उष्णतेत वाया जाते. भोंगा हवेला अरुंद गळ्यात पकडतो आणि हळूहळू रुंद करत बाहेर सोडतो. शेताच्या बांधावरून हाक मारताना आपण तोंडाभोवती हातांची ओंजळ धरतो, तेच हे. सनईचं तोंड आणि ग्रामोफोनचा कर्णा यांचंही कूळ एकच. एका वॅटवर एक मीटर अंतराला साधा घरगुती स्पीकर ८८ डेसिबलच्या आसपास देतो, माझे १०० च्या आसपास. बारा डेसिबलचा फरक दिसायला थोडा, पण तेवढ्यासाठी साध्या स्पीकरला सुमारे सोळा पट वीज लागते. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, त्या काळचे अँप्लिफायर जेमतेम काही वॅटचे. एवढ्या बळावर हजार माणसांना ऐकवायचं तर भोंग्याला पर्यायच नव्हता.

मग मी एका जुन्या रेडिओग्राममधला पाच वॅटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर बसवला. तोही जास्तच होतो. पण या पेट्या चुगलखोर. अँप्लिफायरची बारीकशी घरघर, तबकडीवरचा ओरखडा, फ्रीज सुरू झाल्याची टिचकी, काही लपवत नाहीत. घरघर शोधता शोधता वायरी, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर यांत पैसे जात राहिले. एका पेटीतल्या पंधरा इंची कागदी कोनाची कड उंदरांनी कुरतडलेली निघाली. सौ.ने अस्तराच्या कापडाची पातळ पट्टी कापून चिकटवून दिली. ती पट्टी आजही टिकून आहे. दोन महिन्यांचे पैसे मी अडीच वर्षांनी फेडले. तोवर पिकोचं काम ती बाहेर देत होती आणि त्यातली कमाई दुकानदाराला जात होती.

आणि एवढं करून आवाज मनासारखा लागेना. किशोरीताईंच्या भूपाची तबकडी लावली की मला दोन गोष्टी वेगवेगळ्या ऐकू येत. वरच्या भोंग्यातून गळा, खालच्या पेटीतून तंबोऱ्याचा भरणा. जणू बाई उभ्या एका खोलीत आणि साथ दुसऱ्या. सोफा भिंतीला टेकवून पाहिला, पेट्या वळवून पाहिल्या. शेवटी 'थिएटरची वस्तू, घरात नाहीच शोभायची' म्हणून मी विकायच्या गोष्टी करू लागलो. सौ. एवढंच म्हणाली, "का? चांगलं तर वाजतं. त्या बाई मधेच श्वास घेतात, तोसुद्धा कळतो." मला वाटलं, माझं मन राखतेय.

२०१२ साली मुलीच्या बाळंतपणासाठी ती महिनाभर नाशिकला गेली. तिच्या मशीनमध्ये बॉबिन अडकलेली, ती काढायला मी पॅसेजमधल्या तिच्या स्टुलावर बसलो. हॉलमध्ये तीच तबकडी चालू होती. हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. गळा आणि तंबोरा एकत्र आले होते, बाई समोर बसून गात होत्या आणि आलाप संपताना घेतलेला श्वास स्वच्छ ऐकू आला.

नंतर टेपने मोजलं. सोफा पेट्यांपासून सहा फुटांवर, स्टूल चौदा फुटांवर. भोंगा आणि पेटी यांचे आवाज एकमेकांत मिसळायला दहा-बारा फूट तरी लागतात. पुस्तकात मी हे वाचलं होतं. पण हॉलची भिंत संपली की अंतर संपलं, असं धरून बसलो होतो. सात वर्षं घरातली सर्वांत चांगली जागा तिची होती, आणि तिने ते मला सांगितलंही होतं.

ती परत आल्यावर मी म्हणालो, "तुझं मशीन पुन्हा खिडकीशी लावू या. एक पेटी पुढे ओढतो. उजेड मिळेल. मी पॅसेजमध्ये बसेन."

"अहो, आणि मी कुठून ऐकू?"

मशीन तिथंच राहिलं. मी भिंतीवर आणखी एक ट्यूबलाइट बसवली आणि स्वतःसाठी दुसरं स्टूल आणलं. पॅसेज अडीच फुटांचा. संध्याकाळी दूध काढायचं असलं की मला उठून उभं राहावं लागतं, त्याशिवाय फ्रीजचं दार उघडत नाही.