अंगणातील पंगत

आमच्या धर्मगुरूनिवासाच्या मागील दारी आजमितीस सतरा जीवांचे कुटुंब नांदते आहे. अंड्यावर असलेल्या पाच कोंबड्या, एक कोंबडा, अद्याप अंड्यावर न आलेल्या चार तलंगा, आणि नुकतीच खुडूक उतरलेली एक आई व तिची सहा पिल्ले. सकाळच्या मिस्सेनंतर ही सारी पंगत एकाच अंगणात जमते आणि एकाच वेळी ओरडते. एकच खाद्य एकाच भांड्यात ओतावे व मोकळे व्हावे, असे कोणासही वाटेल. बहुतेक घरांत तसेच होते.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना न्यायाचे प्रकार आम्ही पाठ केले होते. संत थॉमस अक्वायनस यांनी वाटपाचा न्याय वेगळा काढून दाखवला आहे. त्यात सर्वांना सारखे मोजून देणे अभिप्रेत नसते. ज्याला त्याला त्याच्या प्रमाणात द्यायचे असते. परीक्षेत आम्हांला त्यावर बरे गुण मिळाले होते. परंतु हे प्रमाण ग्रॅममध्येही मोजावे लागते, हे कोंबड्या पाळल्यावरच कळले.

अंड्याच्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. ते कवच घडण्यास जवळजवळ २० तास लागतात, आणि त्यातील बरेचसे काम कोंबडी रात्री दांडीवर झोपलेली असताना चालते. पोटातले कॅल्शियम अपुरे पडले, तर ती ते आपल्या हाडांतून काढून देते. म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के ठेवतात. पिल्लाला १ टक्का पुरते. जास्तीचा भार त्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. मग यूरिक आम्ल रक्तात साचते आणि हृदयावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर धरतो.

तो थर आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या धर्मग्रामातील एका विधवा आजींचा औषधांचा खर्च अंड्यांच्या पैशांवर चालतो. एका पावसाळ्यात त्यांची महिन्याभराची पिल्ले एकामागून एक मान टाकू लागली. कोणी करणी म्हणाले, कोणी मानमोडी म्हणाले. पशुवैद्यांनी मेलेले पिल्लू उघडले आणि आजींना एवढेच विचारले, “काय घालता?” दुकानदाराने एकच पोते दिले होते, सर्वांना चालेल असे सांगून. आजी आमच्याकडे वळून म्हणाल्या, “फादर, मोठ्यांच्या पानातलं चांगलं तेच मी लेकरांना दिलं हो!” या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी खरोखरच चांगले तेच दिले होते.

उपाय पशुवैद्यांनी सांगितला, तो उलट्या बाजूने होता. सामायिक भांड्यात पिल्लांना सोसेल तेच खाद्य ठेवायचे, म्हणजे लहानांचे किंवा वाढत्या तलंगांचे. आणि अंड्यावरच्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात द्यायचा. कोंबडीला कॅल्शियमची भूक निराळी कळते. जिला अंडे घडवायचे आहे ती संध्याकाळी आपण होऊन त्या वाडग्याकडे जाते. कोंबडा एखादी चोच मारून निघून जातो. चुरा जाडसर असला तर पोटातील दगडीत रेंगाळतो आणि रात्रभर थोडाथोडा विरघळतो. (यावर प्रवचन करण्याचा मोह आम्ही अनेक रविवार आवरला आहे.)

आजींना काळजी खर्चाची. पिल्लांचे खाद्य महाग, आणि मोठ्या कोंबड्या ते क्षणात फस्त करतात. त्यावर जुने डालगे कामी आले. ते पालथे घालून विटांवर तीन बोटे उचलले की पिल्ले खालून आत शिरतात, मोठ्यांना मान घालून बसावे लागते. तरीही बाहेर सांडलेले पिल्ले टिपतातच. म्हणून बाहेरचेही त्यांना बाधणार नाही असेच हवे. नुसती तांदळाची कणी घालून भागत नाही. पिल्लाला शेकडा २० च्या आसपास प्रथिने लागतात, कणीत त्याच्या निम्मीही नसतात. सुकट द्यावी, पण खारवलेली नको.

भांडी मात्र एकाहून अधिक असावीत. थोर्लाइफ श्येल्डेरुप-एबे या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांतील टोचण्याचा क्रम जगापुढे मांडला. कोणी कोणाला टोचायचे, हे कळपात ठरलेले असते. भांडे एकच असेल, तर शेवटच्या तलंगेच्या वाट्याला उष्टेच येते. आमच्या अंगणात तीन भांडी तीन कोपऱ्यांत आहेत. दांडगी कोंबडी एका वेळी तिन्हीकडे उभी राहू शकत नाही.

आई कोंबडीचे वागणे मात्र कोणत्याही कोष्टकात बसत नाही. ती दाणा चोचीत धरते, कुकुकुक करून पिल्लांना हाक मारते आणि तो खाली टाकते. पहिल्या दिवसांत ती इतकी वाळते की उचलून घेतल्यावर छातीचे हाड हाताला लागते. तिला आम्ही संध्याकाळी पिल्ले पंखांखाली निजू लागण्यापूर्वी वेगळे मूठभर देतो; तेही ती आधी त्यांनाच दाखवते.

आजी आता कालवांची कवचे चुलीत भाजून खलबत्त्यात कुटतात आणि नारळाच्या करवंटीत ठेवतात. यंदा नऊ पिल्ले निघाली. आठ तलंगांच्या वयाला आली आहेत. एक घारीने नेले.