सहा चर्चचे विलीनीकरण

'विलीनीकरण' हा शब्द ऐकला की बँकेतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आमच्या बँकेला १ एप्रिल २०२० रोजी एका मोठ्या बँकेने गिळले. (तारीखसुद्धा काय निवडली!) पाटी बदलली, शिक्के बदलले, चेकबुके बदलली, आणि कॉमर्सच्या एकाही पुस्तकात नसलेला प्रश्न उभा राहिला : सीनियर कोण? तुमची वीस वर्षे की आमची? या प्रश्नापायी कित्येक चहा गार झाले.

म्हणून मला नागपूरच्या मंडळींचे फार कौतुक वाटते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये दोन नव्हे, चार नव्हे, चांगली सहा चर्च एक झाली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जन्माला आले. बोलणी सुरू झाली होती १९२९ साली. एक्केचाळीस वर्षे! आमच्या हेड ऑफिसातली फाइलसुद्धा इतकी रेंगाळत नाही. एवढे करून अमेरिकन मेथडिस्ट ऐन वेळी मागे फिरले ते फिरलेच.

भांडण तरी कशाचे? बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा, की माणूस जाणता झाल्यावर? बिशप हवा, की मंडळीने आपला कारभार आपणच पाहायचा? मुळात हे तंटे विलायतेतले. नगर जिल्ह्यात एका गावी अमेरिकन मिशन आधी पोचले, म्हणून तिथला ख्रिस्ती माणूस त्यांच्या पंथाचा. दुसऱ्या गावी इंग्रजांचे मिशन, म्हणून तिथला अँग्लिकन. भाकरी ज्वारीचीच, पंथ मात्र बोटीने आलेले! स्वातंत्र्यानंतर मिशनरी एकेक करून परतू लागले, बाहेरचा पैसा आटू लागला, तेव्हा 'आता आपलं कसं व्हायचं?' ही धास्ती खरीच होती.

आणि तोडगा बघा. बाप्तिस्मा दोन्ही तऱ्हेने चालेल, ज्याची जशी श्रद्धा. सीनियॉरिटीचे काय? तर निरनिराळ्या चर्चच्या धर्मगुरूंनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवले आणि ज्याला जे उणे असेल ते देवाने द्यावे, अशी प्रार्थना केली. कोणाची जुनी सर्व्हिस रद्द नाही, कोणाला जादा इन्क्रिमेंट नाही. आमच्या युनियनला हे सुचते तर!

सगळेच गोड झाले असे नाही. मालमत्ता आली की देवळातही वकील येतो. गुजरातेतल्या ब्रेदरेन चर्चचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१३ साली निकाल विलीनीकरणाविरुद्ध लागला.

पण आमच्या शाखेतले एक ख्रिस्ती सहकारी म्हणतात, "अहो, कागद नंतर झाले. भजनं आधीच एक होती. आमच्या आजीच्या मंडळीत टिळकांची, पलीकडच्या मंडळीतही टिळकांचीच!" हे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन. ते वारले १९१९ साली, म्हणजे वाटाघाटींच्या दहा वर्षे आधी. नव्या नावाची पाटी लागली त्या रविवारी आजींनी ती वाचली नाही म्हणे. वाचता येतच नव्हते. आत पेटीवर ओळखीची चाल लागली, तशा त्या आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसल्या.