निर्दोष, पण कुणाच्या लेखी?

कोर्टातून सुटलेला माणूस घरी पोचायच्या आत त्याच्या गल्लीत एक वाक्य पोचलेलं असतं: ‘पुराव्याअभावी सुटला.’ गुन्हा केलाच असणार, फक्त सापडला नाही, एवढं सगळं त्या वाक्यात येऊन जातं. पुढे मुलीची सोयरीक जमवताना, भाड्याची खोली शोधताना त्या माणसाला तेच पुन्हापुन्हा ऐकावं लागतं. मला हे अन्यायाचं वाटतं. गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष, हे आपण मानतो. मग शाबीत झालाच नाही, तर तो निर्दोष का राहत नाही?

कायद्याच्या भोवतीही ही कुजबुज आहेच. सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता, असा प्रकार फौजदारी प्रक्रिया संहितेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं. तरी नोकरीवर परत घेताना भेद होतो. संशयाचा फायदा मिळालेला वेगळा, कलंक धुऊन निघालेला वेगळा.

जालना जिल्ह्यातल्या सहा जणांचं काय झालं, ते मनातून जात नाही. भटक्या जमातीतली, हातावर पोट असलेली माणसं. २००३ मध्ये नाशिक भागात दरोडा पडला, पाच खून झाले, आणि हे सहा जण धरले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चौघे ओळखले होते. त्यांच्यामागे कुणी गेलं नाही. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. गरीब, भटके म्हणून ते गोवले गेले असू शकतात, इथपर्यंत न्यायालय बोललं.

भटके म्हणून! १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तिथलं मूल पाळण्यात होतं, तेव्हाच त्याच्यावर ठपका होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातला पहिला संशय अजून पालाकडेच वळतो.

त्या पाच लाखांची दखल घ्यायलाच हवी, कारण अशी भरपाई आपल्याकडे हक्काने मिळत नाही. २०१८ मध्ये विधी आयोगाने चुकीच्या खटल्यांत भरडलेल्यांसाठी स्वतंत्र तरतूद सुचवली होती. २०२४ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ती आली नाही. विनाकारण अटक झालेल्याला भरपाई देणारं जुनं कलम मात्र तसंच पुढे आलं. या भरपाईची कमाल मर्यादा आजही एक हजार रुपये आहे.