बारीक सूर

उंच, लखलखीत, काहीसे चिरके सूर मला मनापासून आवडतात. लोक हसतात, हसोत बापडे! १९५४ च्या ‘नागिन’मधली पुंगी तरी कुठे पुंगी होती? कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन या विजेच्या वाद्यावर वाजवली, आणि सारा देश डोलला. मग नातवाच्या व्हिडिओ गेममधल्या टुणटुणीलाच नाक का मुरडावे? १९८५ च्या ‘सुपर मारिओ’चे संगीत तर तीन सूर आणि एक खरखर एवढ्याच भांडवलावर उभे आहे!

माझी हयात चिंचवड-चाकणच्या कारखान्यांतल्या धडधडाटात गेली. अशा गोंगाटाने आणि वयाने कान आधी उंच सुरांनाच पारखे होतात म्हणे. तेव्हा वाचकहो, ऐकू येते आहे तोवर ही टुणटुण मी चकलीसारखी चवीने ऐकणार!